एक्केचाळीस बायकांची हरकत

यंदा संक्रांतीला मी स्टीलच्या वाट्या दिल्या आणि त्यांच्या बदल्यात एक्केचाळीस बायकांच्या सह्या घेतल्या, असं आमच्या गल्लीत अजून बोललं जातं. ते खरं नाही. वाण मी दरवर्षीच देते. सह्या यंदा पहिल्यांदा घेतल्या, आणि कुणावरही बळजबरी केली नाही. सही झाल्याशिवाय वाटी हातात दिली नाही, इतकंच.

झालं असं, की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर एक आम सूचना आली. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवल्यावर माणसाला बारीक अक्षर वाचायची खोड लागते. घरातले सगळे पहिलं पान वाचतात, मी सातवं. त्यात लिहिलं होतं की आमच्या गल्लीत अमुक बटा तमुक अशा चार खसरा क्रमांकांच्या जमिनीवर 'आवासीय सह वाणिज्यिक परिसर' प्रस्तावित आहे. तळमजला अधिक सात मजले. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर जिम आणि बँक्वेट हॉल, वर फ्लॅट. कुणाला दावा-आपत्ति असेल तर तीस दिवसांच्या आत निगमच्या जोन कार्यालयात लेखी द्यावी. इकडे रायपूरला हरकतीला आपत्ति म्हणतात, गट नंबराला खसरा आणि महापालिकेला निगम.

आमची गल्ली म्हणजे चौबे कॉलोनीच्या मागच्या अंगाला बारा घरं आणि कोपऱ्याला एक मोकळा प्लॉट. पूर्वी तिथे डेअरी होती, मग म्हशी गेल्या आणि गवत राहिलं. तेव्हा इमारत होणार ती त्या कोपऱ्यावर, हे उघडच होतं. खसरा क्रमांक चार का, हा प्रश्न मला पडला नाही. सरकारी कामात आकडे जास्तच असतात, असं मी धरून चालले. बाराही घरांत स्वतःच्या घराचा खसरा क्रमांक तोंडपाठ असलेलं एक माणूस सापडलं नसतं. आमच्याकडे घरं माणसांच्या नावानं ओळखतात.

कोपऱ्याला लागून सरला गजभियेचं घर, आणि सरलाला लागून माझं. आता उन्हाचं सांगते. माझ्या अंगणात ऊन येत नाही. माझ्या मुलाने, अनिमेषने, गाडीसाठी टीन टाकला तेव्हापासून ते बंद झालं. गाडी सुखात आहे. म्हणून गेली एकतीस वर्षं... नाही, टीन नंतरचा. पण एकतीस वर्षं मी थंडीत सकाळी साडेदहाला सरलाच्या अंगणात जाते. दोन खुर्च्या, एक सूप, त्यात मटार नाहीतर लाल भाजी. भाजी निवडून होते तासाभरात, आम्ही साडेबारापर्यंत बसतो. कोपऱ्याचा प्लॉट तिच्या दक्षिणेला. तिथे सात मजले उभे राहिले की डिसेंबर ते फेब्रुवारी तिच्या अंगणात ऊन पडणार नाही, हे सांगायला भूगोलाची बाई लागत नाही. पण नेमकी मी होते.

मी पेपर घेऊन सरलाकडे गेले.

"वाच," मी म्हटलं.

तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "अवं, बनवतील तर बनवू दे ना. जमाना बनवून राहिला."

"आणि आपलं ऊन?"

"ऊन काय, गच्चीवर बसू."

"तुझ्या गुडघ्यांनी? बावीस पायऱ्या आहेत."

तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, पटलं.

समोरच्या घरात दत्तोपंत बक्षी राहतात. ते सिंचाई विभागातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले त्याला बावीस वर्षं झाली, पण त्यांचा ड्राफ्ट अजून नोकरीत आहे. आपत्ति म्हटल्यावर ते स्वतःची खुर्ची उचलूनच सरलाच्या अंगणात आले.

"वहिनी, भावना नाही चालत फाईलमधी," ते म्हणाले. "मुद्दे पाहिजेत. अन् पहिला मुद्दा व्यक्तिगत पीड़ेचा. एक पीड़ित व्यक्ती पाहिजे."

"मी आहे ना पीडित."

"तुमच्या अंगणात ऊन कुठं येते? तुमच्यावर तुमच्या पोरानंच अन्याय केला, तो निगमच्या अधिकारात येत नाही. पीड़ित व्यक्ती म्हणजे सरलाबाई."

"माझं नाव काहून टाकता त्यात?" सरला म्हणाली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"वयोवृद्ध, एकाकी महिला," दत्तोपंत लिहीत होते, "घुटनों के रोग से ग्रस्त, जिनके लिए आंगन की धूप औषधि-तुल्य है..."

"मी काही एवढी वयोवृद्ध नाही. तुमच्याहून सात वर्षांनी लहान आहो."

"तू गप बस," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच करून राहिलो."

सरला गप बसली. सरला गप बसणारी बाई नव्हे. तिचे यजमान लहानूभाऊ रेल्वेत होते. ते गेले तेव्हा मुलगा लोकेश चौथीत होता. त्यांच्या जागी ही रेल्वेच्या ऑफिसात लागली आणि सत्तावीस वर्षं पुरुषांच्या खोलीत बसून सगळ्यांना पुरून उरली. अशी बाई गप बसते तेव्हा दुसरीने निदान विचारावं. मी मटार सोलत होते.

अकरा मुद्दे झाले. हवा, सांडपाणी, चिमण्या, बँक्वेट हॉलमधला डीजे, पार्किंग. अकरावा मुद्दा असा होता की भोसल्यांच्या काळापासून या मोहल्ल्याला शांततेची परंपरा आहे. ही कॉलोनी सत्तरच्या दशकात झाली, त्याआधी इथे धान लागत असे आणि शांतता बेडकांची होती, हे मी दत्तोपंतांना सांगितलं. ते म्हणाले, शेवटचा मुद्दा कुणी वाचत नाही, तो वजनासाठी असतो.

आता सह्या. दत्तोपंतांच्या मते कमीत कमी पंचवीस हव्यात. दारोदार फिरायचं माझं वय नाही आणि संक्रांत चार दिवसांवर होती. पूर्वी नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावत नसत. माझी सासू अशा दिवशी मागच्या खोलीत बसून वड्या थापायची, त्या वड्या पुढे जायच्या, ती नाही. माझ्यावर तो दिवस आला तेव्हा मी त्या समारंभाचं नावच 'तिळगूळ' करून टाकलं आणि सगळ्यांना बोलावलं. सरलाकडे हळदीकुंकू कधीच नव्हतं, ती बौद्ध. पण तिळगुळाला ती सगळ्यांच्या आधी यायची आणि वड्या घट्ट झाल्या असतील तर तेही सगळ्यांच्या आधी सांगायची.

यंदा सरला सोडून चाळीस बायका आल्या. मी उभी राहून पाच मिनिटं बोलले. ऊन, हवा, चिमण्या, डीजे सगळं सांगितलं. सून पिंकी दाराशी वाट्यांचा खोका घेऊन उभी होती. ती इकडचीच, मराठी समजते पण बोलत नाही. तिने हळूच विचारलं, "मम्मीजी, साइन पहले या कटोरी पहले?" मी म्हटलं, साइन.

पहिली सही सरलाची, हे ठरलंच होतं. वयाने नाही, पीडेने.

ती माझ्या कानाशी आली. "कुसुम, थांब ना जरा. मले तुले काही सांगायचं होतं."

"उद्या सांग. आधी सही."

"अवं, पण ऐक तर..."

मागे चाळीस बायका रेशमी पातळांत घामाघूम होत होत्या. मी पेन तिच्या हातात दिलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. रेल्वेची सवय, पूर्ण नाव, खाली तारीख. मी तिला वाटी दिली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली नाही, आणि मीही विचारायला गेले नाही. मी जोन कार्यालयात होते.

जोन कार्यालयाच्या आवक खिडकीवरच्या बाबूने मला "अम्मा" म्हटलं. चौतीस वर्षं मला लोकांनी "मैडम" म्हटलं आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज आजी आहेत, त्याही "मैडम" म्हणतात. पण ज्याला काम असतं त्याने नातं नाकारू नये, म्हणून मी अम्मा झाले.

"अम्मा, तीन प्रति लगेगी."

मी परत आले. तीन प्रती केल्या. दुसऱ्या दिवशी गेले.

"अम्मा, सूचना की कतरन?"

मी परत आले. तर सातवं पान पिंकीने वड्यांच्या परातीखाली घातलेलं. तिची चूक नाही, कुणाच्याही घरात सातव्या पानाचा उपयोग तोच असतो. तूप पिऊन पान असं झालं होतं की दोन्हीकडचं एकदम वाचता येत होतं. तिसऱ्या दिवशी बाबूने ते उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ वाचलं.

"अम्मा, इसमें तो सुंदर, गृहकार्य-दक्ष कन्या चाहिए लिखा है."

"भैया, वो पीछे का है. आगे से पढ़िए."

"आगे से भी पीछे का ही दिख रहा है."

शेवटी त्याने स्वतःच्या कपाटातून पेपर काढून तारीख ताडून पाहिली आणि शिक्का मारला. वाईट माणूस नव्हता. आवक क्रमांक मिळाला. मी घरी येऊन ती पावती देवासमोर ठेवली आणि संध्याकाळी सरलाला दाखवली. तिने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"आता हे परत नाही घेता येत का?" तिने विचारलं.

"परत काहून घ्यायचं? जिंकून राहिलो आपण."

सुनावणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. तोवर रायपूरचं ऊन असं झालेलं की ते कुणी अडवलं असतं तर बरंच वाटलं असतं. दत्तोपंत कोट घालून आले. मी, सरला आणि आणखी तिघी. बिल्डर विकी भैया आधीच येऊन बसला होता. पांढरा शर्ट, दोन मोबाईल. उठून त्याने आधी सरलाला नमस्कार केला, वाकून, मग मला.

"दादी, घुटना कैसा है अब?" त्याने सरलाला विचारलं.

मी दत्तोपंतांना कोपर मारलं. "पाहा, आपला पहिला मुद्दा वाचून आला. घाबरला आहे."

अधिकारी मॅडम तरुण होत्या, माझी नात शोभतील अशा वयाच्या. त्यांनी सह्यांचा कागद उचलला. त्यावर हळदीचं एक बोट होतं, तिळाचे दोन दाणे चिकटलेले होते.

"ये सत्रह नंबर से चौबीस नंबर तक," त्या म्हणाल्या, "सबका सरनेम एक ही है? 'वाटी मिळाली'?"

मी सांगितलं की ते आडनाव नाही. पंडरी मोहल्ल्याकडच्या आठजणींना वाटलं होतं की ही वाणाची पोच आहे, म्हणून त्यांनी नावापुढे प्रामाणिकपणे तसं लिहिलं. एकीने कंसात 'जावेची पण' असंही लिहिलं होतं. ते मॅडमनी वाचलं, पण विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"और ये दीक्षा जी, पता अभनपुर. अभनपुर की धूप पर क्या असर पड़ेगा?"

"वो हर साल आती हैं," मी म्हटलं. "मेरी मौसेरी बहन हैं."

"जी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटतं त्यांनी त्या आठजणी, दीक्षा आणि अकरावा मुद्दा एकाच रेघेत काढून टाकला. तरी बत्तीस सह्या राहत होत्या. दत्तोपंतांनी बोटांवर हिशेब करून मला खूण केली: चालते.

मग मॅडमनी पहिला मुद्दा वाचायला घेतला. मोठ्यानेच वाचला. वयोवृद्ध, एकाकी महिला, औषधि-तुल्य धूप. वाचता वाचता थांबल्या. दुसरी फाईल ओढली, हिरव्या दोरीची, चाळली.

"सरला गजभिये, पति स्वर्गीय लहानू गजभिये?"

"हव," मी म्हटलं.

"कौन हैं?"

सरला उठली. उठताना तिने माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"आप इस परियोजना की आवेदक क्रमांक तीन हैं. चार में से एक खसरा आपका है. सहमति-पत्र नवंबर का है." मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "और आपत्ति में भी पहला नाम आपका है. आप किस तरफ से आई हैं?"

"दोनों तरफ से, मैडम," सरला म्हणाली.

बाबू हसला आणि खोकल्यासारखं केलं. विकी भैया खाली पाहत होता. मॅडम चिडल्या नव्हत्या, त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. "मतलब आपकी बिल्डिंग से आपके आंगन की धूप रुकेगी. पर आंगन तो बिल्डिंग में चला जाएगा. फिर धूप किसकी रुकी?"

"मैडम, तकनीकी दृष्टि से..." दत्तोपंत उठले, आणि तकनीकी दृष्टी न सापडल्यामुळे बसले.

"दोनों दस्तखत आपके हैं?"

"हाँ."

"किसे माना जाए?"

सरलाने माझ्याकडे पाहिलं नाही. "पहलीवाली मेरी है, मैडम. दूसरी इसकी है."

त्यावर मॅडमनी सरलाचं नाव आपत्तीतून काढलं आणि मला सांगितलं की मुख्य आपत्तिकर्ता आपण आहात. बाकी सह्या आहेत, सांडपाण्याचा आणि पार्किंगचा मुद्दा तपासण्यासारखा आहे. आपण आपत्ति मागे घेत नाही तोवर प्रकरण लंबित राहील. मी मान हलवली. मला फक्त 'लंबित' ऐकू आलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. दत्तोपंत ऑटो पाहायला गेले आणि बराच वेळ ऑटो पाहत राहिले. ते समजूतदार आहेत.

"नोव्हेंबर," मी म्हटलं.

"हव."

"दोन महिने तू माझ्यासोबत बसून मटार सोलले."

"तीन. फेब्रुवारीतले बी होते." मग ती म्हणाली, "दिवाळीच्या आठ दिवस आधी मी न्हाणीत पडली होती. साडेनवाले. कामवाली कमला बाराले आली, तिनं उचललं."

"अडीच तास?"

"तुले हाका मारल्या. तुझ्याकडं कुकर लागला होता. मी शिट्ट्या मोजत पडली होती. सात झाल्या." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "सात शिट्ट्या कोणत्या डाळीले लागतात, बाई?"

"राजमा होता," मी म्हटलं.

"तेच म्हटलं मी. डाळ नाही होऊ शकत."

आम्ही दोघी थोड्या हसलो. हसायचं ते वय आणि ती जागा नव्हती.

"मला सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू रोज रात्री माझ्याकडं निजाले आली असती."

"आलेच असते."

"म्हणूनच. तुझे गुडघे काय माझ्यापेक्षा चांगले आहेत? एक दिवस दोघी पडलो असतो." तिने पदराने चष्मा पुसला. "लोकेश हैदराबादले नेऊन राहिला. मे महिन्यात, नातीची परीक्षा झाली की. घर बंद ठेवून काय करू? बिल्डर एक फ्लॅट देऊन राहिला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. तीन वर्षांत बनते म्हणे, मग मी येईन."

"येशील," मी म्हटलं. ती पंचाहत्तरची, मी अठ्ठ्याहत्तरची.

"तुले सांगायले तीनदा आली. तू आपत्ति करत होती."

घरी आल्यावर मी तिच्याशी बोलायचं सोडलं. मला राग कशाचा आला होता, ते नीट सांगता येत नाही. तिच्यावर नव्हता. भूगोलाची बाई असून मी एक नकाशा मागून पाहिला नव्हता, आणि भिंतीपलीकडे माणूस पडलं असताना राजम्याला अजून एक शिट्टी होऊ दे म्हणाले होते. त्या दिवशी सरला उन्हात आली नाही, तर मी समजले होते की लाल भाजीत माती राहिली असं मी आदल्या दिवशी बोलले म्हणून ती रुसली. दोन दिवस मीही मग गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिच्या कोपराला पट्टी होती. दाराला लागलं, ती म्हणाली. मी म्हटलं, बघून चालत जा.

दत्तोपंत मात्र खुशीत होते. चौथ्या दिवशी ते आले.

"वहिनी, केस आता खरी मजबूत झाली. पार्किंगचा मुद्दा मॅडमनं स्वतः धरला. तुम्ही फक्त गप्प राहा. मी रिमाइंडर टाकत जातो. दोन वर्षं फाईल हलत नाही, माझा शब्द."

"दोन वर्षं?"

"कमीत कमी. अन् मंजुरी नाही तोवर सरलाबाईचं घर काही पडत नाही. लोकेश काय रिकामं घर टाकून नेईल तिले? तोही थांबते."

ते गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. दोन वर्षं. मला काहीच करायचं नव्हतं. कुठे जायचं नव्हतं, तीन प्रती नव्हत्या, कतरन नव्हती. नुसतं घरी बसायचं होतं, आणि पुढच्या डिसेंबरात शेजारच्या अंगणात दोन खुर्च्या पडल्या असत्या. त्याच्या पुढच्या डिसेंबरातही. आयुष्यात इतकं सोपं काम मला कुणी दिलं नव्हतं. पिंकी चहा घेऊन आली तर मी तिच्याशी इतकी गोड बोलले की तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

अकराव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर वाळवणाला गेले. तिथून सरलाच्या मागच्या अंगणात दिसतं. ती न्हाणीकडे चालली होती. एका हाताने भिंत धरत, थांबत. अंगात जुना गाऊन, आणि गळ्यात नाडीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मोबाईल. न्हाणीच्या दाराशी तिने पिशवीची गाठ ओढून पाहिली, आत गेली आणि दार उघडंच ठेवलं, त्यात बादली आडवी लावली.

सरलाने सत्तावीस वर्षं पुरुषांच्या ऑफिसात काढली. डबा खातानाही पदर नीट करणारी बाई. ती दार उघडं टाकून आंघोळ करत होती.

मी मागे वळले. कुरडया तशाच राहिल्या.

साडेदहाला मी तिच्या फाटकाशी उभी राहिले. अकरा दिवसांनी.

"चल. जोन ऑफिसला जायचं आहे. तुझी सही पाहिजे."

ती दारात आली. "आता कशावर?"

"तुले काय करायचं? माझ्या कागदावर आधी करत होतीस ना न वाचता."

तिने वाद घातला नाही. चपला घातल्या, कुलूप लावलं. कोपऱ्यावर ऑटो मिळाला. एका खड्ड्यात तिचा हात माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला. रस्ता पुढे चांगला होता तरी.

"अम्मा, फिर आ गईं?" बाबू म्हणाला.

"आपत्ति वापस लेनी है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सरलाकडे. खुर्च्या सरकवून दिल्या, दोघींनाही. कोरा कागद दिला आणि सांगितलं, मी बोलतो तसं लिहा, नाहीतर परत यावं लागेल. मला इतकी वर्षं मुलींना श्रुतलेखन सांगायची सवय, स्वतः लिहायची नव्हती. मी लिहीत गेले. प्रकरण क्रमांक, दिनांक, मी खाली सही करणारी. मग तो म्हणाला, "लिखिए, आपत्तिकर्ता अब पूर्णतः संतुष्ट है."

माझा हात थांबला.

"दूसरा कुछ नहीं लिख सकते?"

"नहीं अम्मा. यही चलता है."

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, सगळ्या रायपूरच्या फळ्यांनी ते पाहिलं आहे. त्या चांगल्या अक्षरात मी पूर्णतः संतुष्ट आहे, असं लिहिलं आणि खाली सही केली.

"अब गवाह," बाबूने कागद सरलाकडे फिरवला. "नाम, पता, और यहाँ आपत्तिकर्ता से संबंध."

सरलाने कागद पूर्ण वाचला. यावेळी तिने घाई केली नाही आणि मीही केली नाही. 'संतुष्ट'वर तिचं बोट थोडं थांबलं. मग तिने पूर्ण नाव लिहिलं, घराचा पत्ता लिहिला. संबंधाच्या जागी पेन टेकवून थांबली.

"काय लिहू?" तिने मला विचारलं.

"पड़ोसी लिही."

बाबूने मान वर केली. त्याला फाईल आता पाठ झाली होती. "पर ये तो जा रही हैं ना, अम्मा? फाइल में तो..."

"मई में जाएँगी," मी म्हटलं. "अभी मार्च चल रहा है, भैया. लिखने दीजिए."